मास्क, माग आणि वारी

१२ एप्रिल २०२०, रविवार. देशाला कुलूप लागून अठरा दिवस उलटले होते आणि सोलापूरच्या नावापुढे अजून शून्यच होते. मुंबई-पुण्याचे आकडे रोज संध्याकाळी टीव्हीवर पाहायचे आणि आपल्याकडे काही नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा, असा शहराचा क्रम पडला होता. त्या रविवारी तेलंगी पाच्छा पेठेतल्या एका किराणा दुकानदाराचा अहवाल पॉझिटिव्ह आला. अहवाल हाती पडण्याआधीच माणूस गेला होता. पेठ सील झाली, रस्त्यांवर अडथळे उभे राहिले आणि दुकानात कोण कोण येऊन गेले याचा शोध सुरू झाला.

किराणा दुकान अत्यावश्यक सेवेत मोडत होते. त्यामुळे ते उघडे असणे नियमाला धरूनच होते. बाकी सगळे शहर बंद असताना लोक जिथे गोळा होणार, ती जागा नेमकी तीच होती. टाळेबंदी शहरात आधी आली आणि विषाणू नंतर आला. आला तोही टाळेबंदीने उघड्या ठेवलेल्या दारातून. या एका घटनेत पुढच्या दोन वर्षांच्या वादाची बरीच सूत्रे सापडतात. काय बंद ठेवायचे, काय उघडे ठेवायचे, हे ठरवायचे कोणी? बंदचा भार कोणावर पडतो? आणि तोंडाला बांधायच्या चार बोटांच्या कापडावरून एवढी भांडणे का झाली?

सोलापुरात हा वाद अमेरिकेसारखा कधीच झाला नाही. मास्क घालणे हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असे म्हणत इथे मोर्चे निघाले नाहीत. इथली भांडणे पोटाची होती, देवाची होती आणि सगळ्यांना एक न्याय का नाही, या प्रश्नाची होती. म्हणूनच ती नीट समजून घेण्यासारखी आहेत. मास्क हा सगळ्यांत स्वस्त उपाय आणि टाळेबंदी हा सगळ्यांत महागडा. स्वस्त उपाय लोकांच्या अंगवळणी पाडायला हवा होता आणि महागडा जपून, मोजून वापरायला हवा होता. झाले जवळपास उलटे. मास्क दंडाच्या पावतीत अडकला आणि टाळेबंदी प्रशासनाच्या अंगवळणी पडली.

आधी टाळेबंदी पाहू. २२ मार्च २०२० ला जनता संचारबंदी झाली, २३ मार्चला राज्याने संचारबंदी लावली आणि २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. तयारीला लोकांना चार तास मिळाले. त्या दिवशी देशात पाचशेच्या आसपास रुग्ण होते. १४ एप्रिल, ३ मे, १७ मे, ३१ मे अशा मुदती वाढत गेल्या आणि मेअखेर रुग्णसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेली. टाळेबंदीच्या बाजूचे म्हणतात की ती नसती तर हा आकडा कितीतरी मोठा झाला असता आणि रुग्णालयांना खाटा, व्हेंटिलेटर, पीपीई किट जमवायला जे दोन महिने मिळाले ते मिळाले नसते. विरोधक त्याच काळातले दुसरे आकडे दाखवतात. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास २४ टक्क्यांनी घसरले आणि लाखो मजूर उन्हातून पायी गावाकडे निघाले. दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत. ते एकमेकांना खोडत नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागात मात्र हा प्रश्न सकल उत्पन्नाच्या भाषेत आलाच नाही. तो आला विडीच्या पानांच्या भाषेत. या शहरात साठ हजारांहून अधिक महिला विडी वळतात. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत घ्यायचे, घरी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या आणि शाखेत परत नेऊन मोजून द्यायच्या. मजुरी हजारावर. पान मिळाले नाही, की मजुरी नाही. घरात बसा, सुरक्षित राहा, हे आवाहन या बाईला लागू होत होते आणि नव्हतेही. ती घरातच बसून काम करणारी होती. पण पान आणायला आणि विडी द्यायला तिला बाहेर पडावेच लागे आणि शाखेसमोर रांग लागे. शाखा बंद ठेवल्या तर चूल बंद. उघडल्या तर रांगेत खांद्याला खांदा. एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असताना सहा फुटांचे अंतर कुठून आणायचे, हा प्रश्न वेगळाच.

यंत्रमागाचे तेच. टॉवेल आणि चादर यांवर चालणारे हे शहर. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पण माग थांबला की कामगाराचा दिवस थांबतो. शालेय गणवेश शिवणाऱ्यांचा मोठा धंदा इथे गेल्या काही वर्षांत उभा राहिला आहे. १६ मार्च २०२० पासून शाळाच बंद झाल्या, तेव्हा गणवेश कोण घेणार? त्यांतल्या अनेकांनी मशिनींवर मास्क शिवायला घेतले. बचत गटांच्या महिलांनीही शिवले. साथीने एक धंदा बसवला आणि दुसरा हातात दिला, पण दुसरा पहिल्याची भरपाई करण्याएवढा कधीच नव्हता.

माकपचे नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम यांनी विडी आणि यंत्रमाग कामगारांना रोजगार किंवा रोख मदत द्या, ही मागणी सतत लावून धरली. टाळेबंदीला विरोध म्हणजे विज्ञानाला विरोध, असे समीकरण तेव्हा सोयीने मांडले जाई. ते चूक होते. या मागणीत विषाणू नाकारलेला नव्हता. बंदचा खर्च कोणी द्यायचा, एवढेच विचारलेले होते. केंद्राने माणशी पाच किलो धान्य मोफत दिले, जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये दिले. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्याने ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले. बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले यांची नावे त्यात होती. विडी वळणाऱ्या आणि माग चालवणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद नव्हती. सोलापूरसारख्या शहरात यादीतली ही गैरहजेरी किती मोठी, हे पूर्व भागातून एक चक्कर मारणाऱ्यालाही कळेल.

आणि तरीही सोलापुरातल्या बंदचे समर्थन करणाऱ्यांकडे एक वजनदार कारण होते. इथे माणसे मरत होती, आणि फार मरत होती. २०२० च्या जूनअखेर शहरात नोंदलेल्या दर दहा रुग्णांमागे जवळपास एक मृत्यू अशी स्थिती होती. राज्याच्या सरासरीच्या दुपटीहून हे प्रमाण अधिक. उशिरा रुग्णालयात येणे, मधुमेह-रक्तदाबासारखे जुने आजार, चाचण्यांचे अपुरे प्रमाण, अशी कारणे सांगितली गेली. चाचण्या कमी असल्या की सौम्य रुग्ण नोंदीत येत नाहीत आणि मृत्युदर फुगलेला दिसतो, हेही खरे. त्यातच त्या महिन्यात नोंदीतून सुटलेले ४० मृत्यू महापालिकेने जाहीर केले. एका दिवसात आकडा उडी मारून वर गेला आणि लोकांच्या मनात एक पाल चुकचुकली ती कायमची. मृत्यूच जर नीट मोजले जात नसतील तर बाकीच्या आकड्यांवर भरवसा का ठेवायचा? साथीच्या काळात आकडा हे प्रशासनाचे सर्वांत मोठे भांडवल असते. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातले अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचा अंदाज मांडला आणि केंद्राने तो फेटाळला, तेव्हाही वाद हाच होता. फक्त त्याचा आवाका देशाएवढा होता.

याच वातावरणात १६ जुलै २०२० च्या रात्रीपासून २६ जुलैपर्यंत सोलापूर शहर आणि लगतची गावे पुन्हा कडकडीत बंद झाली. देशात ‘अनलॉक’ चालू असताना सोलापूरकर परत घरात. मिलिंद शंभरकर जिल्हाधिकारी होते, पी. शिवशंकर महापालिका आयुक्त. या दहा दिवसांत जलद अँटिजेन चाचण्यांवर भर देण्यात आला. बंद आणि चाचणी यांची सांगड घालणे, हा मार्च-एप्रिलच्या बंदपेक्षा शहाणा विचार होता. मुदत आधीच सांगितलेली, उद्देश सांगितलेला, आणि मुदत संपल्यावर बंद उठलाही. लोकांनी कुरकुर करत का होईना, तो पाळला. टाळेबंदी वाईट की चांगली, या प्रश्नापेक्षा ती किती दिवसांची, कशासाठी आणि त्या दिवसांत काय करणार, हे प्रश्न जास्त उपयोगाचे, असे या दहा दिवसांकडे पाहून वाटते.

मास्कची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तज्ज्ञांचेच शब्द बदलत गेले. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या वसंतात सांगत होती. डॉक्टर-परिचारिकांना मास्क अपुरे पडू नयेत, ही चिंता त्यामागे होती. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिलच्या सुरुवातीला घरगुती कापडी मास्क वापरण्याचा सल्ला दिला. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला. १४ एप्रिलला टाळेबंदीची मुदत वाढवताना पंतप्रधान टीव्हीवर आले ते तोंडाला गमछा गुंडाळून. संघटनेने आपला सल्ला बदलला ५ जूनला. नवी माहिती आल्यावर मत बदलणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही, विज्ञान तसेच चालते. पण बदल का केला हे लोकांना समजावून सांगण्याची जी तसदी घ्यायला हवी होती, ती घेतली गेली नाही. मग ‘काल नको म्हणत होते, आज घाला म्हणतात’ हे वाक्य पानटपरीवर ऐकू येऊ लागले.

टॉवेल विणणाऱ्या शहराला कापडाने तोंड झाकणे शिकवावे लागत नाही. खांद्यावरचा पंचा, उपरणे, डोक्याचा टॉवेल, बाईच्या डोक्यावरचा पदर, उन्हाळ्यात गाडीवर जाताना डोळे सोडून सगळा चेहरा झाकणारा स्कार्फ, हे सगळे सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाने आधीच शिकवलेले. लोकांनी एप्रिल २०२० मध्ये हेच तोंडाला बांधले आणि सरकारनेही चालवून घेतले. पण २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्य सरकारच्या आदेशात स्पष्ट लिहिले गेले की रुमाल म्हणजे मास्क नव्हे. रुमाल बांधलेल्याला दंड होऊ शकतो. वैज्ञानिकदृष्ट्या आदेशात तथ्य होते. साध्या रुमालापेक्षा तीनपदरी वैद्यकीय मास्क चांगला गाळतो आणि एन-९५ त्याहून कितीतरी चांगला. पण दीड वर्ष जो गमछा देशाच्या पंतप्रधानांच्या तोंडावरही दिसला होता, तोच आता गुन्हा कसा, हे मंगळवार बाजारातल्या भाजीवाल्याला कोणीतरी सांगायला हवे होते. त्याला फक्त पावती मिळणार होती.

दंडाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मार्च २०२१ च्या आदेशाने मास्क नसल्यास ५०० रुपये आणि रस्त्यावर थुंकल्यास १,००० रुपये दंड राज्यभर लागू केला. त्याआधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, राज्याने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली होती. तीनपदरी मास्क जास्तीत जास्त चार रुपयांना आणि एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपयांना. किमतीला लगाम घालणारे महाराष्ट्र सरकार या बाबतीत कौतुकाला पात्र आहे. पण मग पुढची पायरी का गाठली गेली नाही? एका दंडाच्या रकमेत तीनपदरी सव्वाशे मास्क येतात. ज्या चौकात पोलीस पावती फाडत होते, त्याच चौकात मास्क हातात दिला असता, तर काय झाले असते?

या प्रश्नाचे उत्तर बांगलादेशात मिळाले आहे. तिथल्या ६०० गावांत, सुमारे तीन लाख चाळीस हजार प्रौढांवर झालेला प्रयोग २०२१ अखेर ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, मशिदीत-बाजारात जाऊन समजावले, मास्क नसलेल्याला थांबवून नम्रपणे आठवण करून दिली. मास्क वापरण्याचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले आणि लक्षणांसह संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. वैद्यकीय मास्क दिलेल्या गावांतल्या साठीपुढच्या माणसांत ही घट ३५ टक्के होती. प्रयोगात दंड कुठेच नव्हता. सोलापूरचा पूर्व भाग आणि बांगलादेशची खेडी यांत दाटी, गरिबी आणि कापडाशी असलेले नाते सारखे आहे. डेन्मार्क किंवा कॅलिफोर्नियापेक्षा हा दाखला आपल्याला जवळचा.

मास्कच्या विरोधातलेही पुरावे आहेत आणि ते लपवू नयेत. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे सहा हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात मास्क घालणाऱ्यांपैकी १.८ टक्के आणि न घालणाऱ्यांपैकी २.१ टक्के बाधित झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस म्हणावा एवढा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात, समाजपातळीवर मास्कने फारसा फरक पडल्याचे प्रयोगांत दिसत नाही, असा निष्कर्ष आला आणि जगभर ‘मास्क निरुपयोगी’ असे मथळे झळकले. दोन महिन्यांत संस्थेच्या मुख्य संपादक कार्ला सोअरेस-वायसर यांना खुलासा करावा लागला की असा अर्थ काढणे चुकीचे आहे. मास्क घालायला प्रोत्साहन देण्याच्या मोहिमांचा उपयोग होतो का, एवढाच प्रश्न आढाव्याने तपासला होता आणि त्याचेही उत्तर पुरेसे स्पष्ट मिळाले नाही. नीट बसणारा मास्क नाकावर असेल तर उपयोगी पडतो, हनुवटीवर असेल तर नाही. बस, लग्न, रुग्णालय, बंद खोली इथे तो लागतो. मोकळ्या शेतात एकट्या माणसाला लागत नाही. एवढे साधे सांगणे दोन वर्षांत लोकांपर्यंत पोहोचले नाही, याची खंत वाटते.

देवाच्या वादाकडे येऊ, कारण सोलापूर जिल्ह्यात तो टाळून पुढे जाता येत नाही.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर १७ मार्च २०२० ला बंद झाले. चैत्री वारी रद्द झाली. १ जुलैच्या आषाढी एकादशीला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत मुंबईहून आले, महापूजा झाली. बाहेर पंढरपुरात संचारबंदी. ज्या दिवशी वाळवंटात पाय ठेवायला जागा नसते त्या दिवशी चंद्रभागेच्या काठी पोलीस उभे. मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटी बसने आल्या. वारकरी संप्रदायातल्या बहुतेकांनी हे मान्य केले आणि घरीच पारायण केले, ही त्या वर्षातली एक मोठी गोष्ट. जिथे आहोत तिथूनच पांडुरंगाला हात जोडायचे, हे त्यांना कोणा अधिकाऱ्याने शिकवावे लागले नाही.

पण पंढरपूर हे तीर्थक्षेत्र तसे बाजारपेठही आहे. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्यांवर कुंकू-बुक्का, चुरमुरे, पेढे, तुळशीमाळा विकणाऱ्यांचे, मठात-वाड्यात खोल्या देणाऱ्यांचे, होडी चालवणाऱ्यांचे वर्ष उभे असते. दारूची दुकाने मे २०२० मध्ये उघडली आणि देवळे बंदच राहिली, तेव्हा या माणसांच्या प्रश्नाला धार आली. ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली वंचित बहुजन आघाडी आणि विश्व वारकरी सेना यांनी पंढरपुरात मोठे आंदोलन केले. नियम मोडायचे जाहीर करूनच ते आले होते. अखेर मोजक्या कार्यकर्त्यांसह त्यांना दर्शन घेऊ देण्यात आले. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, आपण अचानक धर्मनिरपेक्ष झालात का, अशा आशयाची विचारणा केली आणि आरोग्याचा प्रश्न घटनेच्या आखाड्यात गेला. मंदिरे उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि मग ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, उघडली. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवरही २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षे बंधने राहिली. नंदीध्वजांचे विधी मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत झाले.

या सगळ्यावर कळस झाला तो एप्रिल २०२१ मध्ये.

आमदार भारत भालके यांचे नोव्हेंबर २०२० मध्ये निधन झाले होते, म्हणून पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू झाले, पण पंढरपूरला मतदान होईपर्यंत सूट. सभा झाल्या, फेऱ्या निघाल्या, सगळ्या पक्षांचे मोठे नेते आले. १७ एप्रिलला मतदान झाले. दुसऱ्याच दिवशी राज्यात एका दिवसातले सर्वाधिक, ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. हा आकडा पंढरपूरच्या सभांमुळे आला असे कोणी म्हणणार नाही, तो सगळ्या राज्याचा होता. पण माघी एकादशीला ज्या गावात फेब्रुवारीत संचारबंदी होती, त्याच गावात एप्रिलमध्ये प्रचाराला मोकळीक, हे पंढरपूरकरांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच दिवसांत हरिद्वारला कुंभमेळ्यातली शाही स्नाने चालू होती आणि बंगालमध्ये प्रचंड सभा. २६ एप्रिलला मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला अतिशय कठोर शब्दांत फटकारले. निवडणूक पुढे ढकलता आली असती. ती ढकलायला हवी होती.

तीन महिन्यांनी आषाढी आली, तेव्हा पायी वारीचा आग्रह धरणारे बंडातात्या कराडकर यांना पोलिसांनी ताब्यात घेऊन कराडजवळ करवडीला नेऊन ठेवले. दहा मानाच्या पालख्या बसने आल्या. सगळ्या नोंदणीकृत पालख्यांना परवानगी द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळली. दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना लाखोंचा समुदाय वीस दिवस चालत नेणे धोक्याचे होते. निर्णय योग्यच होता. पण निवडणुकीच्या सभांनंतर तो घ्यावा लागला, त्यामुळे त्यातला नैतिक जोर निघून गेला. त्यानंतर १३ ऑगस्टपासून पंढरपूर, सांगोला, माळशिरस, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांत पुन्हा संचारबंदी लागली, तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध उफाळून आला यात नवल नव्हते.

या भांडणाला जुने मूळ आहे. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लागू केला, तो फेब्रुवारी १८९७ चा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगसाठी घाईने केलेला. त्याच्या जोरावर पुण्यात घरझडत्या झाल्या, गोरे सोजीर देवघरात शिरले आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. टिळकांनी ‘केसरी’तून टीका केली ती अंमलबजावणीच्या रीतीवर, रोग्याला वेगळे ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता आणि त्यांनी स्वतः प्लेगच्या रुग्णालयासाठी पुढाकार घेतला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पंढरपूरचेही प्रकरण आहे. इतिहासकार मंजिरी कामत यांनी १९०८ ते १९१६ या काळातल्या पंढरपूर यात्रेचा अभ्यास केला आहे. पालखी म्हणजे प्लेग वाहून नेणारे वाहन, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची धारणा कशी बनली होती, हे त्यांनी दाखवले. वारीकडे आरोग्याच्या नजरेने पाहणे नवे नाही. त्या नजरेत वारकरी माणूस म्हणून दिसतो की केवळ धोका म्हणून, हा प्रश्नही नवा नाही.

सहमतीने काय साधते याची उदाहरणे जिल्ह्यातच आहेत. मोहोळ तालुक्यातले घाटणे हे छोटे गाव. तरुण सरपंच ऋतुराज देशमुख यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी, तातडीने विलगीकरण, मास्क यांवर काम केले आणि दुसऱ्या लाटेत गाव कोरोनामुक्त केले. दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांनीही तसेच. ३० मे २०२१ च्या भाषणात मुख्यमंत्र्यांनी हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांबरोबर या दोघांची नावे घेतली आणि काही दिवसांत राज्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. शहरातही असे काही घडले. नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी सुमारे तीनशे घरांच्या भिंतींवर पहिली ते दहावीचे धडे रंगवले, कारण कामगारांच्या मुलांकडे स्मार्टफोन नव्हते. मुले अंतर ठेवून गल्लीत उभी राहत आणि भिंत वाचत. शाळा बंद ठेवण्याची किंमत कोण देते, हे या शिक्षकांना कळले होते. शाळा किती काळ बंद ठेवाव्यात यावर राज्यात झालेली चर्चा मात्र पालकांच्या भीतीभोवतीच फिरत राहिली. मुलांच्या नुकसानीचा आवाज फार उशिरा ऐकू आला.

न्यायालयांनीही हळूहळू रेषा आखल्या. मास्क न घालणाऱ्यांना कोविड केंद्रात सेवा करायला लावा, असा गुजरात उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० मधला आदेश सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्थगित केला. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लस घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही; पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते. वाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक वेळी पुराव्याने दाखवावे लागेल, असा त्याचा अर्थ होतो. महाराष्ट्राने त्याआधीच, २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी सगळे निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक केला. टाळेबंदीत भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली राज्यात दोन लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले होते. ते मागे घेण्याचा निर्णयही त्याच सुमारास झाला. १० जुलैच्या आषाढीला पालख्या दोन वर्षांनी पुन्हा पायी आल्या आणि वाळवंट भरले.

कायदा मात्र अजून १८९७ चाच आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्यापुरती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यात मोठ्या त्रुटी असल्याचे नोंदवले. विलगीकरण आणि अलगीकरण यांच्या व्याख्या करा, केंद्र-राज्य-स्थानिक यंत्रणांच्या अधिकारांची वाटणी स्पष्ट करा आणि साथीसाठी आधीच आराखडा तयार ठेवा, अशा शिफारशी त्यात आहेत. असा आराखडा सोलापूरसाठी कधी लिहायला घेतला, तर खाटा आणि ऑक्सिजनच्या हिशेबाबरोबर एक पान पूर्व भागासाठी राखून ठेवावे लागेल. पेठ सील झाल्यावर तेंदूची पाने दारापर्यंत कोण आणून देणार, वळलेल्या विड्या कोण मोजून नेणार आणि त्या आठवड्याची मजुरी कोणत्या दिवशी हातात पडणार, हे त्या पानावर लिहिलेले असावे.